बायकोच्या व्हिसावर

लोक दुसऱ्याच्या पगारावर जळतात, बढतीवर जळतात, फार तर शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर. मी माझ्या बायकोवर जळत होतो. तेही लग्नाला वीस वर्षं झाल्यावर, मुलगी पुण्याला कॉलेजच्या होस्टेलवर गेल्यावर. म्हणजे नवरा-बायकोने जरा निवांत बसून चहा प्यायचा, त्या वयात.

मी तेव्हा सौदीत जुबैलला होतो, एका पेट्रोकेमिकल प्लँटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. पहाटे कंपनीची बस यायची, संध्याकाळी आणून सोडायची. बायको कंपनीच्या फ्लॅटमध्ये. ज्याच्या नावावर माणूस त्या देशात राहतो तो त्याचा कफील. माझी कफील कंपनी, आणि बायको माझ्या नावावर. माझ्या इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या पुस्तिकेत तिचा फोटो चिकटवलेला होता आणि तिला काम करायला परवानगी नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. देशाबाहेर जायचं तर मी अर्ज करायचा, तिच्यासाठीही मीच. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मला तर मुळीच नाही.

नाशिकला असताना ती एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगं काढायची. जुबैलला आल्यावर ते सुटलं. मग बऱ्याच वर्षांनी तिच्या एका कॉलेजच्या मैत्रिणीचा ईमेल आला. ती मैत्रीण ऑस्ट्रेलियात पर्थला स्थायिक झाली होती आणि तिथे लोकांची स्वयंपाकघरं करून द्यायचा तिचा व्यवसाय होता. तिने विचारलं, मापं पाठवते, कॉम्प्युटरवर कपाटांची ड्रॉइंगं करून देशील का? हिने होकार दिला. मी म्हटलं, कर की, तेवढाच विरंगुळा. विरंगुळा हा शब्द मी वापरला होता, हे तिने पुढे कैकदा ऐकवलं.

त्या विरंगुळ्याने आमच्या घरातला आठवडाच मोडला. सौदीत सुट्टी गुरुवार-शुक्रवारी, पर्थला शनिवार-रविवारी. मी गुरुवारी सकाळी लोळत पडावं तर ही कॉम्प्युटरपुढे, कानाला हेडफोन, कोणा बाईला ओव्हन उजवीकडे हवा की डावीकडे ते समजून घेतेय. आणि तिला सुट्टी असे तेव्हा मी प्लँटवर. एका घरात राहून आमची सुट्टी एकत्र कधी येईना. फक्त गुरुवारची संध्याकाळ तेवढी आमची असे. बाईला तिथे गाडी चालवायला बंदी होती, एकटी फारशी कुठे जाऊही शकत नव्हती. मी दुपारी झोपून उठेपर्यंत ती तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली असे. मग आम्ही भाजी आणायला जायचो, तिथून समुद्रावर. कुठल्यातरी नमाजाला दुकानाचं शटर खाली यायचं आणि आम्ही गाडीत बसून राहायचो. ती बाहेर बघत असायची आणि मला वाटायचं, मस्त चाललंय.

गंमत म्हणजे ही पर्थच्या बायकांची स्वयंपाकघरं आखत होती आणि आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात भांडी घासायच्या सिंकवर एक लोखंडी कपाट इतकं खाली ठोकलेलं होतं की वाकून उभं राहावं लागे. फ्लॅट कंपनीचा, एक खिळासुद्धा हलवायचा नाही. ती पहिल्या वर्षी चार-पाचदा आपटली होती, नंतर सवय झाली. ती सिंकपाशी गेली की मान आपोआप एका बाजूला कलायची. मी हे सगळं तेव्हा पाहिलं नव्हतं. सिंकपाशी जायचं मला कारणच नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी मैत्रिणीचा व्यवसाय वाढला. ती म्हणाली, सगळं ड्रॉइंगचं काम तूच बघ, पण आमच्या वेळेला हजर राहा, आणि तुझी ती इंटरनेटची लाइन सुधार. जुबैलची लाइन म्हणजे एक मोठी फाइल पाठवायला घेतली की अर्ध्यात मरायची. शिवाय पर्थचे सकाळचे आठ म्हणजे आमची पहाट. आणि काम करायची परवानगी नाही, ते वेगळंच. ती घरात बसून करत होती म्हणून कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

एका संध्याकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "अहो, पेनांगला आणि पर्थला घड्याळ एकच आहे."

मला पेनांग कुठे आहे तेही पटकन आठवेना. मलेशियातलं एक बेट, तिने सांगितलं. बाहेरच्या माणसांना तिथे दहा वर्षांचा राहायचा व्हिसा देतात. कफील लागत नाही. इंटरनेट चांगलं आहे, भाजीबाजारात कढीपत्ता मिळतो, आणि तिने अर्ज केलाय.

"केलायस?"

"म्हणजे कागद गोळा करतेय."

"त्यापेक्षा नाशिकला जा ना. आपलं घर आहे."

"नाशिकला मी काम कधी करणार? सकाळ सासूबाईंची, संध्याकाळ पाहुण्यांची. आणि प्रत्येकजण येऊन विचारणार, हे कसे नाही आले."

मी हसलो. व्हिसा काही मिळत नाही, या खात्रीने हसलो. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, लेट हर गो ना, इट्स सो कूल." आणि काही महिन्यांनी व्हिसा आला. तिच्या नावावर, मुख्य अर्जदार म्हणून. नवऱ्याचं नाव तिने खाली घातलं होतं, अवलंबित म्हणून. मी तो कागद दोनदा वाचला आणि परत पाकिटात घातला.

तिच्या एक्झिट-रीएन्ट्रीचा, म्हणजे जाऊन परत यायच्या परवान्याचा अर्ज मला करायचा होता. तो सहा महिन्यांचा मिळतो. सहा महिन्यांत माणूस परत आला नाही की खलास, इकाम्यातून नाव गेलं. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून आमचे कागद करून आणणारा गृहस्थ, माझा अर्ज हातात घेऊन डोळे मिचकावत म्हणाला, "मदाम सहा महिना? तुम इदर अकेला? मुश्किल, मुहंदिस, बहोत मुश्किल." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी म्हटलं, महिन्याभरात येईल बघ. मला तसंच वाटत होतं. वाटत नसतं तर मी सही केली नसती, हे आज सांगायला हरकत नाही.

ती महिन्याभरात आली नाही. दोन महिन्यांत नाही. तिसऱ्या महिन्यात तिने एका सेकंडहँड स्कूटरचा फोटो पाठवला.

तो फोटो मी त्या रात्री पाच-सहा वेळा उघडून बघितला. ही बाई नाशिकला स्कूटी चालवायची, हे मीच विसरून गेलो होतो. फोटोत तिने हेल्मेट काखेत धरलेलं, केस कापलेले, मागे नारळाची झाडं आणि त्यामागे समुद्र. समुद्राचं मला काही नव्हतं. समुद्र जुबैललाही होता, चांगला निळा, बसायला बाकंसुद्धा होती. पण तिच्या समुद्रावर ती संध्याकाळी पाचला आपली आपण जात होती, आणि तिथून फोन करून मला सांगत होती की आज भरती होती.

मग मला सगळ्याचाच राग यायला लागला. ती रंबुतान नावाचं फळ खायची, मला त्या फळाचा राग. तिच्याकडे रोज दुपारी पाऊस यायचा, मला त्या पावसाचा राग. तिची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. निवृत्त शाळामास्तरीण, तमिळ, विधवा. दोघी रोज काम संपल्यावर व्हरांड्यात कॉफी प्यायच्या. एखाद्या पुरुषाचा संशय यावा तर ते निदान रीतीला धरून झालं असतं. मी सत्तरीच्या मास्तरणीवर जळत होतो. फोनवर ही म्हणायची, "आँटी म्हणतात, तुमचे मिस्टर फार समजूतदार आहेत." मी म्हणायचो, आँटीला काय कळतंय.

प्लँटवर जेवायला आम्ही दोघं एकत्र बसायचो, मी आणि साताऱ्याचा एक मेकॅनिकलवाला. त्याला माझी सगळी कथा ठाऊक. माझ्या डब्यात खुबूस, म्हणजे तिथली विकतची रोटी, आणि उकडलेलं अंडं बघून तो म्हणायचा, "काय साहेब, आज नव्या कफीलनं काय पाठवलं नाही वाटतं?"

"कसला नवा कफील?"

"अहो, व्हिसा वहिनींच्या नावावर, तुम्ही त्यांच्या खाली. मग कफील कोण झालं?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे हसायचे. मीही हसायचो आणि घरी येऊन भांडी घासायचो. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या कपाटावर माझं कपाळ असं आपटलं की डाव्या भुवईच्या वर टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी प्लँटवर सेफ्टीवाल्याने विचारलं, कुठे लागलं? मी घरी म्हटल्यावर तो म्हणाला, घरातही हार्डहॅट घाला. तसाच मी तीन-चारदा आपटलो. दर वेळी तिच्यावर चिडलो. ती इथे असती तर हे झालं नसतं, असं वाटायचं. खरं म्हणजे ती इथे असती तर ती सिंकपाशी उभी असती.

चौथ्या महिन्यात मी वार्षिक रजा घेऊन निघालो. तिने सांगितलं होतं, माझ्या पासपोर्टावर अवलंबिताचा शिक्का घ्यायला आधी क्वालालंपूरजवळच्या सरकारी कचेरीत जावं लागेल. ती बेटावरून तिथे आली. विमानतळावर तिला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. केस इतके बारीक कापलेले, आणि चालणं झपाझप.

कचेरीत आमचा नंबर पुकारला. मी सवयीने दोघांचे पासपोर्ट तिच्या हातातून घेतले, फाइल काखेत मारली, काउंटरसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि कागद पुढे सरकवले. काउंटरवर डोक्याला रुमाल बांधलेली तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "प्रिन्सिपल?" म्हणजे मुख्य अर्जदार. मी म्हटलं, "येस."

तिने कागद बघितला, मला बघितलं. "सर, प्रिन्सिपल मॅडम आहेत. तुम्ही डिपेंडंट. तुम्ही तिकडे बसा." तिने मागच्या खुर्च्या दाखवल्या. आवाजात अपमान वगैरे काही नव्हता. रोज दहादा सांगत असेल तसं सांगितलं.

मी उठलो. बायको माझ्या जागी बसली आणि बसताना तिने पर्स माझ्या हातात दिली. मी ती पर्स मांडीवर घेऊन मागे बसून राहिलो. त्या दोघी पुढे बोलत होत्या, मध्येच हसल्या. तिने एकदा मागे वळून विचारलं, "अहो, तुमचा रक्तगट काय?" मी सांगितला. अर्ध्या तासात शिक्का झाला. बाहेर आल्यावर ती माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "भूक लागलीय का?"

बेटावरचं तिचं घर छोटं होतं, दोन खोल्या आणि गच्ची. टेबल खिडकीशी, त्यावर दोन मॉनिटर. सकाळी सातला ती तिथे बसायची आणि चारला उठायची. मध्ये पर्थचे फोन. इतक्या आत्मविश्वासाने ही बाई बोलताना मी कधी ऐकली नव्हती. एका गिऱ्हाइकाला तर तिने ठणकावून सांगितलं की तुम्ही म्हणता तिथे ओटा घेतला तर तुमच्या आईला गॅसपाशी उभं राहता येणार नाही. मी पेपर वाचायचो, खाली जायचो, वर यायचो, आँटीने दिलेली कॉफी नाइलाजाने प्यायचो. ती कॉफी उत्तम होती, तेही मला आवडलं नाही. स्वयंपाकघरात सिंकवर एक कपाट होतं. छान उंच, डोक्याच्या वर वीतभर. "आँटींना विचारून मी वर घेतलं," ती म्हणाली.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी तीन वाजल्यापासूनच शर्ट-पँट घालून दारापाशी उभा होतो. तिने हेडफोन काढून विचारलं, "कुठे निघालात?"

"तुझं झालं की समुद्रावर जाऊ म्हटलं."

"अजून तास आहे. तुम्ही जाऊन या ना, समोरच तर आहे."

मी गेलो नाही. एकट्याने काय जायचं? स्कूटरवर मागे बसून तिच्या खांद्याला धरून जायचं होतं, आणि तेही जमेल तितकं कुरकुरत.

जुबैलला परतल्यावर माझ्यापुढे एकच गोष्ट उरली. सहा महिने संपायच्या आत ती परत येते की नाही. आली नाही तर इकाम्यातून तिचं नाव जाणार, फॅमिली फ्लॅट जाणार, मी बॅचलर कँपमधल्या खोलीत, आणि तिथून पुढे आमचा संसार म्हणजे दोन देशांतले दोन फोन. मी फोनवर तसं सरळ विचारत नव्हतो. मी विचारायचो, तिकडे उकडतं का? ती म्हणायची, थोडं. सातारकर रोज विचारायचा, "वहिनींचं तिकीट झालं का?" मी म्हणायचो, होईल.

तिकीट झालं. मुदत संपायच्या आठवड्यात ती दम्मामला उतरली. विमानतळाच्या दारातून बॅग ओढत बाहेर आली, काळा पायघोळ अबाया घातलेली, आणि काही बोलायच्या आधी तिने पासपोर्ट माझ्या हातात दिला. इतकी वर्षं द्यायची तसाच. मी तो खिशात ठेवला आणि मला अतोनात बरं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कोणाचा हेवा वाटत नव्हता. गाडीत मी अखंड बडबडत होतो. ताजे मासे कुठे मिळायला लागलेत, नवा मॉल झालाय, वगैरे वगैरे. ती बाहेरच्या सपाट पिवळ्या रस्त्याकडे बघत हो हो म्हणत होती.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले आणि म्हणाली, चहा टाकते. मी बाहेर टीव्ही लावला. आतून धाडकन आवाज आला.

मी धावत गेलो. ती सिंकपाशी उभी, कपाळ दोन्ही हातांनी दाबून. चहाचं पातेलं सिंकमध्ये पडलेलं, नळ चालू. बोटांमधून थोडं रक्त आलं होतं. मी नळ बंद केला, बर्फ आणला, तिला खुर्चीवर बसवलं.

"अगं, हे कपाट इथेच आहे कितीतरी वर्षं," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "वाकायचं विसरलेच मी."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. स्वतःचंच नवल वाटल्यासारखं. मी बर्फाचा रुमाल धरून उभा होतो आणि मला कळलं की ही आता इथे राहायची नाही. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त तिची मान आता वाकत नव्हती.

पुढचे दोन दिवस मी प्लँटवर होतो. गुरुवारी दुपारी झोपून उठलो तर ती दाराजवळच्या त्याच खुर्चीवर, कपाळाला पट्टी, पर्स मांडीवर. मी तिच्यासमोर बसलो आणि शेवटी बोललोच. म्हटलं, "राहा ना इथे. मी कंपनीला सांगून दुसरा फ्लॅट बघतो."

"तुम्ही चला तिकडे," ती म्हणाली. "तुमचा शिक्का झालाय. पुन्हा कोणाला अर्ज करायला नको."

"मी? मी तिथे दिवसभर करू काय? तू कामात. मी तिथे नुसता..."

ती रागावली नाही. फक्त बसल्या जागी पर्सचा बंद नीट केला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मी कपडे बदलून यायची वाट बघत बसून राहिली. माझं ते "नुसता" तसंच लोंबकळत राहिलं. ते मी पुरं केलं नाही, कारण मी तिथे नुसता काय करणार होतो, तेच ती समोर खुर्चीवर बसून इतकी वर्षं करत आली होती.

आम्ही भाजी आणली. नमाजाला शटर खाली आलं, तेव्हा गाडीत बसलो.

मी पुन्हा तिच्या अर्जावर सही केली, ती परत गेली आणि महिन्याभरात मी राजीनामा दिला. लोकांना वाटलं, बायकोवरचं प्रेम. मुलगी फोनवर चक्क रडली, म्हणाली, बाबा, आय अॅम सो प्राउड. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. मी काही मोठ्या मनाने गेलो नाही. जळून जळून गेलो. तिच्याकडे जे होतं ते मला हवं होतं. ती स्कूटर, ती पाचची भरती, कोणाला न विचारता दार उघडून बाहेर पडणं. मला वाटलं, तिथे गेलो की ते मलाही मिळेल.

मंदूबने माझा पासपोर्ट आणून दिला. "फायनल एक्झिट?" त्याने दोनदा विचारलं. "मदामका भी?"

"दोघांचाही."

"इंडिया?"

"नाही," मी म्हटलं. "मदामच्या घरी."

तो मनापासून हसला, माझा खांदा थोपटला आणि म्हणाला, "यल्ला, अल्ला करीम," म्हणजे चला, देव दयाळू आहे. सातारकर मला सोडायला दम्मामपर्यंत आला. निघताना म्हणाला, "जुन्या कफीलकडून रिलीज मिळाली म्हणायची साहेब. नवा कफील चांगला आहे, नीट सांभाळून राहा."

आता मी बेटावर आहे. सकाळी आँटींची फुलझाडं बघतो, भाजी आणतो, दुपारचा स्वयंपाक बऱ्यापैकी जमायला लागलाय. सिंकवरचं कपाट उंच आहे. दार उघडं आहे, समुद्र समोर आहे, आणि मला जा म्हणायला कोणी नको, येऊ नको म्हणायलाही कोणी नाही. तरी हेवा गेलेला नाही. खिडकीशी बसून ती पर्थच्या कोणा माणसाला ठासून सांगत असते की नाही, तसं चालणार नाही, आणि मी हातातली भाजी तशीच धरून ऐकत राहतो. तिला सोमवार असतो, शुक्रवार असतो. मला नुसते दिवस.

तिचं काम चारला संपतं. अजून पाऊण तास आहे. मी शर्ट बदललाय, चपला घातल्यात आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलोय. तिची पर्स माझ्या मांडीवर आहे.